गार्डवर खातेनिहाय कारवाई

२ ऑगस्ट १९८७, रविवार

आज कुत्रा घरी आणला. लोको शेडच्या दिनानाथबाबूंची धनबादला बदली झाली, त्यांना नेता येईना. वय नऊ-दहा महिने. पूर्ण काळा. एक कान उभा, एक पडलेला. पडलेला शिस्तीने उभा होईल. दिनानाथबाबू म्हणाले, जरा शरारती आहे. त्यांच्या हाताला पट्टी होती. मी काही विचारलं नाही.

नाव ठेवलं गार्ड. रेल्वेच्या पर्सोनेल खात्यात माझी उभी हयात शिस्तभंगाची प्रकरणं हाताळण्यात गेली. फिटर, पॉइंट्समन, एकदा तर आखाड्यात जाणारा तिकीट तपासनीस. सगळे सरळ आले. त्यांच्यापुढे हे पोरसवदा जनावर म्हणजे काय! दिवाळीपर्यंत साखळीशिवाय माझ्या मागे चालेल.

सुनीतीचं म्हणणं, मिरजेहून इथे काशीला बदलून आल्यापासून घरात तुमचं कोणी ऐकत नाही, म्हणून हा आणलात. बायकोच्या टोमण्यांकडे लक्ष द्यायचं नाही असा संकल्प. बकुळ अकरावीत आहे, मराठीत विचारलं की हिंदीत उत्तर देते. ती म्हणाली, बाबा, आपसे नहीं होगा. तिच्याकडेही लक्ष द्यायचं नाही.

घरमालक ढुंढिराजशास्त्री खालच्या मजल्यावर राहतात. पिढ्यान् पिढ्या इथे दूधविनायक मोहल्ल्यात, मराठी यात्रेकरूंची श्राद्धं चालवतात. आम्ही दारात शिरताच त्यांनी हात जोडले. मीही जोडले. नंतर कळलं, त्यांनी कुत्र्याला जोडले होते. काशीत काळा कुत्रा म्हणजे कालभैरवाचं वाहन, आणि कालभैरव म्हणजे इथला कोतवाल.

३ ऑगस्ट

रात्रीतून माझी डावी चप्पल खाल्ली. समोर उभं करून तोंडी तंबी दिली. शांतपणे ऐकून घेतलं. मग उजवी खाल्ली.

तोंडी तंबी हा पहिला टप्पा. घाई करण्यात अर्थ नाही.

९ ऑगस्ट, रविवार

पद्धत ठरली. स्टोअरमधून गार्डची शिट्टी, हिरवा झेंडा, लाल झेंडा मागून आणले. शिट्टी आणि हिरवा म्हणजे ये. लाल म्हणजे थांब. एवढी साधी गोष्ट गावोगावच्या इंजिनांना कळते.

सकाळी गल्लीत पहिली चाचणी. शिट्टी वाजवली. समोरच्या घरातून दोन म्हाताऱ्या आल्या, कोपऱ्यावरचा हवालदार आला आणि मागच्या बोळातून एक सांड आला. गार्ड सोडून सगळे आले. लाल झेंडा दाखवला, तर सांडानेही मानला नाही. त्याने मला पानवाल्याच्या ओट्यावर चढवलं आणि खाली उभा राहून माझ्या धोतराचा सोगा चघळला. गार्डने हिरवा झेंडा खाल्ला.

चाचणी यशस्वी. कुत्रा गर्दीत बिथरत नाही असं सिद्ध झालं.

१५ ऑगस्ट

ऑफिसात ध्वजवंदन करून घरी. गार्डच्या तोंडातून बकुळची वेणीची रिबन काढताना मनगटाला चावला. चावला म्हणजे चावला नाही. त्याने दात ठेवले, मी हात ओढला. सात टाके. डॉक्टरांनी विचारलं, लस टोचली होती का. मी विचारलं, कोणाला. आता पोटात चौदा इंजेक्शनं. कुत्र्याला नाही, मला.

सुनीतीने दवाखान्यात आधी बकुळच्या रिबनीची चौकशी केली. ते जास्त लागलं.

१९ ऑगस्ट

पोट सुजलंय. गार्ड पोस्टमनला चावला. लेखी समज द्यायचा विचार होता, पण समजपत्रावर पोच म्हणून पंजा घ्यायला गेलो तर गुरगुरला. पोच न घेता प्रकरण पुढे ढकललं.

एक चांगली गोष्ट. हल्ली तो पहाटे भुंकतो आणि मी उठतो. गजराच्या घड्याळाची गरज राहिली नाही. त्याला वेळेचं भान येत आहे.

२३ ऑगस्ट, रविवार

फार वाईट दिवस. साखळी तोडून पळाला. मी शिट्टी वाजवत मागे. मणिकर्णिकेच्या दिशेने गेला. तिथल्या गर्दीत मी शिट्टी वाजवली तेव्हा चार खांदेकरी थांबले, त्यांच्या खांद्यावरचे आजोबाही अर्थातच थांबले. मागून येणाऱ्यांनी माझी गचांडी धरली. एकाने पाठीत गुद्दा घातला. दुसऱ्याने विचारलं की आपण रेल्वेत आहात का. होय म्हटल्यावर त्यानेही घातला. त्याची गाडी उशिरा आली होती.

मी घरी पोचलो तेव्हा गार्ड आधीच आला होता. तोंडात अर्धवट जळलेला बांबू, तिरडीचा. तो त्याने स्वयंपाकघरात, सुनीतीच्या देव्हाऱ्यासमोर ठेवला होता आणि शेपूट हलवत बसला होता. सुनीतीने आधी किंकाळी फोडली, मग बांबू उचलून माझ्या डोक्यात घातला, मग सगळं घर धुतलं, मग मला धुतलं. गंगेच्या पाण्याने, गार.

तिने तिथल्या तिथे निकाल दिला. संध्याकाळी कुत्रा गंगेपलीकडे, रामनगरच्या शिवराम ग्वाल्याच्या गोठ्यात. माझे डोळे चुरचुरले. बांबूचा धूर असेल.

शास्त्रीबुवा मध्ये पडले. म्हणाले, "वहिनी, काशीतून कुत्रा काढायचा तर कोतवालाला विचारावं लागतं. भैरवाष्टमीपर्यंत ठेवा. मग पाहून घेऊ."

शेवटी तोडगा असा. भैरवाष्टमीला, नोव्हेंबरात, घरातल्या चौकाच्या एका टोकाला मी, दुसऱ्या टोकाला गार्ड. मी एकदा बोलवायचं. आला, तर राहील. नाही आला, तर त्याच दिवशी नावेतून रामनगरला. सुनीती म्हणाली, "बोलावल्यावर येणारं एक तरी कोणी या घरात असलं पाहिजे." तिने हे बकुळकडे बघून म्हटलं की माझ्याकडे, कळलं नाही.

अडीच महिने आहेत. अडीच महिन्यांत मी एका युनियन सेक्रेटरीला वळण लावलं होतं. त्याला चावायचीही सवय नव्हती, एवढाच काय तो फरक.

१० सप्टेंबर

पितृपक्ष लागला आणि माझ्या पद्धतीला सुरुंग लागला. बिस्किटाचं आमिष दाखवून बोलवायचं, असा नवा कार्यक्रम होता. पण गल्लीत रोज दहा घरी श्राद्धं. प्रत्येक श्राद्धात गाय, कावळा, कुत्रा यांची पानं निघतात, आणि कुत्रा काळा असला तर दुधात साखर. यजमान शोधत येतात. पुण्याचे, अकोल्याचे, एक कुटुंब थेट इंदूरचं. गार्ड सकाळपासून वडे, खीर, आमसुलाची चटणी खात हिंडतो. संध्याकाळी मी ग्लुकोजचं बिस्किट पुढे केलं तर त्याने ते हुंगलं आणि माझ्याकडे कीव आल्यासारखं बघितलं.

शास्त्रीबुवांना म्हटलं, आमच्या कुत्र्याला देऊ नका, त्याचं प्रशिक्षण चालू आहे. ते म्हणाले, मेलेल्या माणसांना प्रशिक्षणाचं काय सांगायचं.

१६ सप्टेंबर, बुधवार

आज आमच्याकडे बाबांचं श्राद्ध. हे नीट लिहून ठेवतो, कारण सुनीती पुढे वेगळं सांगेल.

क्षणाला, म्हणजे श्राद्धाच्या जेवणाला, शास्त्रीबुवा आणि त्यांचे स्नेही वेणीमाधव गुरुजी. गुरुजी बहात्तर वर्षांचे, सकाळपासून उपाशी. पानं वाढली. गाईचं गेलं, कावळ्याचं गच्चीवर ठेवलं. कुत्र्याचं पान मी हातात घेतलं. इथे मला कल्पना सुचली. गार्डही सकाळपासून बांधलेला, उपाशी. समोर वडे. यापेक्षा चांगली संधी कुठली? मी म्हणालो, "बस." बसल्याशिवाय पान मिळणार नाही.

तो बसला नाही. मी पान उंच धरलं. कुत्र्याचा घास झाल्याशिवाय ब्राह्मणांनी जेवायचं नाही, त्यामुळे सगळे थांबले. मी पुन्हा म्हणालो, बस. बसणं म्हणजे काय हे त्याला दिसावं म्हणून मी स्वतः बसलो. मग उठलो. मग बसलो. ओलं धोतर, बोटात दर्भाचं पवित्रक. वेणीमाधव गुरुजींनी भिंतीला डोकं टेकलं. शास्त्रीबुवा म्हणाले, "गोपीनाथराव, घास द्यायचा असतो. त्यावर अट घालायची नसते." मी म्हणालो, फक्त एक मिनिट. सुनीती स्वयंपाकघराच्या दारात उलथनं घेऊन उभी होती.

लहानपणी बाबा मला ताटासमोर बसवत आणि पाढे म्हणायला लावत. एकोणतीसचा चुकला की ताट आत जाई. एकोणतीसचा मला आजही येत नाही. पण शिस्त आलीच ना.

एकविसाव्यांदा बस म्हणालो आणि साखळी तुटली. त्याने माझ्या हातातलं पान खाल्लं. मी मध्ये हात घातला तेव्हा अनामिकेला चावला, पवित्रकासकट. मग वेणीमाधव गुरुजींच्या पानावरचे वडे, शास्त्रीबुवांच्या पानावरची खीर, आणि शेवटी दर्भावर ठेवलेला एक पिंड. मी पाट उचलून मागे धावलो. पाट गुरुजींच्या गुडघ्याला लागला. गुरुजी किंचाळले. सुनीतीने उलथनं फेकलं, ते माझ्या कानशिलावर बसलं. तिचा नेम कुत्र्यावर होता असं ती म्हणते.

पुन्हा स्वयंपाक, पुन्हा पिंड. ब्राह्मण संध्याकाळी जेवले. मी शास्त्रीबुवांची माफी मागायला गेलो तर ते हसत होते. म्हणाले, "कोणाच्या रूपाने कोण जेवून जातं, सांगता येतं का?"

बाबाच आले असतील, तर मला चावले हे त्यांच्या स्वभावाला धरूनच झालं.

२७ सप्टेंबर

साखळी बदलली. जाड. गार्डने बाहेर ओढलं की मी त्याच्या मागे शिंदे घाटाच्या पायऱ्या उतरतो, बहुतेक वेळा पायांवर. तो थांबतो तिथे मी थांबतो. मी थांबतो तिथे तो थांबत नाही, पण निम्मं काम झालं म्हणायचं.

माझ्या आरामखुर्चीवर तो बसतो. मी जमिनीवर बसतो. पाठीला बरं वाटतं.

४ ऑक्टोबर, रविवार

कठोर पावलं उचलायची ठरवली. वेताची छडी घेतली. शिंदे घाटावर नेलं, सोडलं, शिट्टी वाजवली. तो मणिकर्णिकेकडे निघाला. मी पुढे जाऊन आडवा आलो आणि छडी फक्त दाखवली. ती त्याच्या पाठीवर जाऊन लागली, हा त्याचा हलगर्जीपणा. दुसरीही त्याच हलगर्जीपणाने लागली. तिसऱ्यांदा तो ओरडला. लहान मुलासारखा. माझा हात वरच्या वर राहिला.

तेवढ्यात विश्वेश्वर नाववाल्याने छडी हिसकावली. म्हणाला, "कुकुर के मरबा? काशी में?" म्हणजे कुत्र्याला मारतोस, तेही काशीत. छडी माझ्या पाठीवर मोडली. मग त्याने आणि दुसऱ्या दोघांनी मला उचलून पाण्यात टाकलं. वर आलो की पुन्हा दाबायचे. दुसऱ्या खेपेला मला खरंच वाटलं, संपलं. चष्मा गेला. नाकातोंडात गंगा.

आणि मग विश्वेश्वर बोंबलला. गार्ड त्याच्या पोटरीला लटकला होता. ज्या माणसाने त्याला वाचवलं त्याच्याच पोटरीला. सोडेना. रक्ताने पायरी लाल झाली. ते दोघे मला सोडून त्याच्या मदतीला धावले, तेव्हा मी बाहेर आलो.

घरी येईपर्यंत दोघेही लंगडत होतो. त्याच्या पाठीवर दोन वळ उठले होते. मी हळद लावली. तो गुरगुरला, पण हलला नाही. मला रडू आलं. ओल्या कपड्यांमुळे सर्दी झाली असणार.

छडी पद्धत बंद. ती मोडली आहे.

२१ ऑक्टोबर

दिवाळी. गल्लीत संध्याकाळपासून सुतळी बॉम्ब. विश्वेश्वरला, सांडाला, कोणालाच न घाबरणारा गार्ड माझ्या पलंगाखाली जाऊन थरथर कापत होता. मी निरीक्षणासाठी खाली गेलो. त्याने डोकं माझ्या काखेत खुपसलं. बाहेर फराळाला बोलावत होते. मी उत्तर दिलं नाही. निरीक्षण अर्धवट सोडणं योग्य नव्हतं.

दिवाळीपर्यंत साखळीशिवाय मागे चालेल असं लिहिलं होतं. पलंगाखाली साखळी नव्हती, हे नमूद करतो.

१ नोव्हेंबर, रविवार

माकडांशी युद्ध. गच्चीवर तालीम चालू होती. मी एका टोकाला, गार्ड दुसऱ्या टोकाला, नाकात बोट घातल्यासारखा निर्विकार. माकडांची टोळी उतरली. एका दांडगटाने माझा नवा चष्मा ओढला. मी छत्री हाणली. त्याने माझ्या खांद्याचा लचका काढला. तीन जण पाठीवर. मी पडलो. बकुळ खालून किंचाळतेय, बाबा, भागिए.

गार्ड आला. मी बोलावलं नव्हतं, शिट्टी नव्हती, झेंडा नव्हता. सरळ दांडगटाच्या नरड्याला. त्याचा उभा कान दांडगटाच्या तोंडात गेला आणि फाटला. मी छत्रीच्या दांड्याने हाणत सुटलो. आयुष्यात इतकं कोणाला मारलं नाही. दांडा मोडल्यावर कुंड्या फेकल्या. माकडं पळाली तेव्हा गच्चीवर तुळस, रक्त आणि केस यांचा खच होता.

कानाला टाके घालताना जनावरांच्या डॉक्टरांनी मला त्याला धरायला सांगितलं. मी डोळे मिटून धरलं. माझ्या खांद्याचे टाके बाकी होते, पण त्याचे आधी व्हावेत असं मीच म्हणालो. आता दोन्ही कान पडलेले आहेत. पुन्हा पोटात इंजेक्शनं. या वेळी ती मला फारशी टोचली नाहीत.

८ नोव्हेंबर

भैरवाष्टमी शुक्रवारी. शिवराम ग्वाला दोरी घेऊन पाहून गेला. गार्डच्या गळ्याचं माप घेतलं. मी त्याला चहा दिला नाही.

रोज चौकात तालीम. एकदाही आलेला नाही. पण येईल. न येण्याचं त्याच्याकडे काहीही कारण नाही. तो भुंकला की मी दार उघडतो, दोनदा भुंकला की पाणी देतो, पाय आपटला की पोट खाजवतो. आम्हा दोघांत इतका समन्वय आहे. जेवण जात नाहीये. हवा बदलली आहे.

१३ नोव्हेंबर, शुक्रवार. भैरवाष्टमी

जे झालं ते असं.

सकाळपासून गल्लीतल्या बायकांनी गार्डला झेंडूच्या माळा घातल्या, कुंकू लावलं, इमरत्या खाऊ घातल्या. चौकात आला तेव्हा पोट जमिनीला टेकत होतं. एका टोकाला, उंबऱ्याशी, तो. दुसऱ्या टोकाला, जिन्याशी, मी. शास्त्रीबुवा, सुनीती, बकुळ ओट्यावर. शिवराम ग्वाला दोरी घेऊन दारात. बकुळने आपल्या ओढणीचा हिरवा झेंडा करून दिला होता. देताना काही बोलली नाही, हिंदीतही नाही.

शिट्टी वाजवली. नीट वाजली नाही, तोंड कोरडं होतं. झेंडा हलवला. म्हणालो, "गार्ड, ये."

त्याने माझ्याकडे बघितलं. मग तो बसला. आयुष्यात पहिल्यांदा, व्यवस्थित, सरळ पाठीने. बसून राहिला. शिवरामने दोरीचा फास मोकळा केला. मी पुन्हा बोलवू शकत नव्हतो, एकदाच असं ठरलं होतं.

मग गार्ड एकदा भुंकला.

मी गेलो. विचार करून गेलो असं म्हणता येणार नाही, पाय गेले. चौकाच्या मधोमध पोचलो तेव्हा लक्षात आलं की काय चाललंय. थांबलो नाही. उंबऱ्याशी गेलो आणि त्याच्यासमोर खाली बसलो. त्याने माळांसकट डोकं माझ्या मांडीवर टाकलं.

बाबांनी हाक मारली की मी असाच जायचो. पोचल्यावर कोणी मांडीवर डोकं ठेवायचं नाही, एवढंच.

मी मान वर केली नाही, कारण चष्मा ओला झाला होता. मग सुनीतीचा आवाज आला. "बोलावल्यावर येणारं एक तरी कोणी पाहिजे, असं ठरलं होतं ना? आलं की." आणि शिवरामला म्हणाली, दोरी घेऊन जा, चहा घेऊन जा.

शास्त्रीबुवांनी दोघांना इमरती दिली. आधी त्याला.

१४ नोव्हेंबर

नवा संकल्प. आजवरचं प्रशिक्षण फार ढिलं झालं. आजपासून कडक वेळापत्रक. सहा वाजता बस. सव्वासहाला थांब. साडेसहाला

भुंकला. जातो.